पार्किंगमध्ये दोन गाड्या एकाच वेळी मागे आल्या: चूक कोणाची धरायची?

वळणवाट

मोठं उघडं पार्किंग. समोरासमोर दोन रांगा आणि मधून गाड्या जायची वाट. मी माझी गाडी मागे घेत बाहेर काढत होते. निम्मीअधिक बाहेर आली तेवढ्यात समोरच्या रांगेतल्या गाडीचे मागचे पांढरे दिवे लागलेले दिसले. मी ब्रेक दाबला, गाडी पूर्ण थांबवली आणि हॉर्न वाजवला. ती गाडी मात्र येतच राहिली आणि माझ्या मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर आदळली. कोणालाही काही लागलं नाही. माझ्या बंपरला लांब चरा आणि थोडा पोचा, त्यांचा टेललाइट फुटला.

समोरचे गृहस्थ उतरले आणि म्हणाले, "दोघंही रिव्हर्समध्ये होतो, तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघतो." मला हे पटलेलं नाही. मी थांबले होते. त्यांचं म्हणणं, मी थांबलेच नव्हते. माझ्याकडे डॅशकॅम नाही. गाड्या हलवायच्या आधी काढलेले फोटो आहेत, त्यांचा नंबर आणि विम्याचा तपशील आहे. समोरच्या खांबावर कॅमेरा दिसला, पण तो चालू आहे का ते माहीत नाही.

रिव्हर्समध्ये असलेली गाडी थांबलेली असेल तर तिच्या चालकाची जबाबदारी कमी होते का? आणि थांबले होते हे सिद्ध कसं करायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

सरळमार्गी

दोघंही मागे घेत होतात, म्हणजे निम्मी-निम्मी. पार्किंगमधल्या प्रकरणांत बहुतेक वेळा हेच होतं. बंपरचा चरा घेऊन भांडत बसण्यात अर्थ नाही, मनस्ताप तेवढा होईल.

---

पत्राकाम

मी गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. रोज असे बंपर हातात येतात आणि रोज कोणीतरी विचारतो, "दादा, खुणेवरून सांगा ना, चूक कोणाची?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोचा आणि चरा यांवरून एवढंच कळतं की एक गाडी दुसरीच्या तुलनेत कशी सरकली. तुम्ही उभ्या आणि ते चालते, किंवा ते उभे आणि तुम्ही चालत्या, दोन्हींत खूण जवळपास सारखीच उमटते. चऱ्याच्या सुरुवातीला रंग कसा उडालाय, शेवटी कुठे गोळा झालाय, यावरून घासण्याची दिशा सांगता येते. पण हलत कोण होतं हे त्यावरून ठरत नाही. "माझ्या गाडीला बाजूने लागलंय म्हणजे चूक त्याचीच" असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. नुसत्या खुणेच्या जोरावर ते टिकत नाही.

एक अपवाद आहे, चाकाचा. रिमवर किंवा टायरच्या बाजूवर घासलं असेल तर चाक फिरत होतं की स्थिर होतं ते बऱ्याचदा ओळखता येतं. फिरत्या चाकावर चरा कमानीसारखा वळलेला येतो, थांबलेल्या चाकावर सरळ येतो. तुमच्या बाबतीत लागलंय बंपरच्या कोपऱ्यावर, त्यामुळे ही खूण मिळायची नाही. पण ज्यांच्या चाकाला लागलं असेल त्यांनी रिमचा जवळून फोटो काढल्याशिवाय गाडी धुवायला देऊ नये.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे फुटलेल्या टेललाइटचे तुकडे. ते जमिनीवर पडले त्याच्या आसपासच धडक झाली. रंगवलेल्या पट्ट्यांपासून ते किती अंतरावर आहेत हे फोटोत दिसतंय का बघा. तुम्ही निम्म्याहून जास्त बाहेर आणि ते जेमतेम निघालेले, असं त्यातून दिसलं तर तुम्ही आधी निघालात आणि त्यांना दिसण्यासारख्या जागी होतात, एवढं तरी पक्कं होतं.

आणि हो, बंपर उघडून बघितल्याशिवाय "सगळा हिशेब मिटला" अशा कागदावर सही करू नका. वरचं प्लास्टिक दाबलं जाऊन परत जागेवर येतं. आतला फोम चेपलेला असतो, सेन्सरचा क्लिप तुटलेला असतो, कधी मागचा पत्रा सरकलेला असतो. बाहेरून चरा दिसतो आणि आत दुरुस्ती दुप्पट निघते, हे मी नेहमी बघतो.

---

वळणवाट

@पत्राकाम, मनापासून आभार. आत्ताच फोटो मोठे करून पाहिले. लाल तुकडे वाटेच्या मध्यरेषेच्या पलीकडे, त्यांच्या रांगेच्या बाजूला आहेत.

@सरळमार्गी, भांडायची हौस नाही. पण जे घडलंच नाही ते मी मान्य का करावं?

---

तराजू

सरळमार्गी म्हणतात ते काही ठिकाणी नियम म्हणून खरं आहे, सगळीकडे मात्र नाही. दोन उदाहरणं देतो, कारण दोन्ही नेमकी याच प्रश्नाची आहेत.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात विमा कंपन्यांनी चूक कशी वाटायची याची नियमावलीच आहे, १९९० सालच्या संग्रहातलं नियमन ६६८. रिव्हर्समध्ये येणारी गाडी १०० टक्के दोषी, दार उघडणारा १०० टक्के दोषी, पार्किंगच्या जागेतून बाहेर पडताना वाटेवरच्या गाडीला वाट न देणारा १०० टक्के दोषी, असं थेट लिहिलेलं आहे. पार्किंगमधल्या मुख्य वाटेला आडवी येऊन मिळणाऱ्या छोट्या वाटांसाठीही वेगळं कलम आहे. गाडीच्या कुठल्या भागाला लागलं हे चूक ठरवताना बघायचंच नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. पत्राकाम वर जे हातातल्या अनुभवावरून सांगतायत, तेच तिथे कायद्यात आहे. आता दोन्ही गाड्या मागे येत असतील तर? एका नियमाने तुम्ही पूर्ण दोषी आणि दुसऱ्याने निर्दोष ठरलात, तर ५० टक्के धरायचे. म्हणजे सरळमार्गींचं गणित.

जर्मनीत याच प्रश्नाचं वेगळं उत्तर मिळालं. तिथे पार्किंगमध्ये मागे घेणारे दोघं एकमेकांवर आदळले आणि एकाचं म्हणणं होतं, "मी आधीच थांबलो होतो." अगदी तुमच्यासारखं. डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की मागे येणाऱ्याची चूक असणारच हे गृहीतक इथे आपोआप लावता येत नाही. पार्किंगमध्ये प्रत्येकाने केव्हाही थांबता येईल अशा बेताने गाडी चालवायची असते. जो धडकेआधी थांबला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, त्याने आपलं कर्तव्य पार पाडलेलं असू शकतं. मात्र थांबलेल्याची जबाबदारी थेट शून्यावर येईलच असंही नाही. गाडी वाटेत आणली, त्या धोक्याचा काही वाटा त्याच्याकडे राहू शकतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी तुमच्या विम्याच्या अटी आणि तिथला कायदा कुठल्या पद्धतीचा आहे, त्यात शोधायला हवं. ठरलेला तक्ता असेल तर थांबण्याला फार किंमत मिळणार नाही. प्रत्येकाच्या वागण्याची छाननी होत असेल तर थांबणं आणि हॉर्न या दोन गोष्टी निर्णायक ठरतील.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दुसरी पद्धत न्याय्य आहे. जो दुसऱ्याला पाहून थांबला आणि जो न बघता येत राहिला, त्या दोघांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

---

चौथा_गिअर

माझी केस थोडी वेगळी आहे, इथेच विचारतो. मी मधल्या वाटेने सरळ जात होतो, एक जण रांगेतून रिव्हर्स घेत माझ्या दारावर आला. माझा तर पूर्ण हक्क ना? तरी त्यांचा विमावाला म्हणतो की माझा वेग जास्त होता.

---

तराजू

वाटेवर असणाऱ्याला प्राधान्य, हे बहुतेक ठिकाणी खरं. पण प्राधान्य असलं म्हणून सावधगिरीतून सुटका होत नाही. वेगाचा मुद्दा उडवून लावू नका, आकडे मांडून बघा.

ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २.८ मीटर. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला तर तेवढं अंतर गेलं, पुढे कोरड्या जमिनीवर ब्रेक लागून थांबायला अर्धा-पाऊण मीटर. एकूण साडेतीन मीटरच्या आत गाडी उभी. ताशी २० ला तेच अंतर आठ मीटरच्या घरात जातं. शेजारी उंच गाडी उभी असेल तर मागे येणाऱ्याचा बंपर दिसतो तेव्हा तुमच्यात आणि त्याच्यात आठ मीटर कुठून उरणार? म्हणून तिथे ताशी २० हा वेग जास्तच. मागे घेणाऱ्याचा दोष मोठा राहील, तरी तुमच्याकडेही थोडा वाटा येऊ शकतो.

उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य असे रस्त्यावरचे नियमही पार्किंगमध्ये जसेच्या तसे लागू होतील असं समजू नका. जर्मनीतल्याच त्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलं की उजवीकडच्याला आधी जाऊ देण्याचा तिथला नियम पार्किंगच्या वाटांना आपोआप लागू होत नाही. त्या वाटेला स्पष्टपणे रस्त्याचं स्वरूप असेल तर गोष्ट वेगळी, एरवी दोघांनी एकमेकांकडे बघून समजुतीनेच पुढे जायचं.

---

निळी_शाई

विम्याचे दावे तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. वळणवाट ताई, तुमचा दुसरा प्रश्न, थांबले होते हे सिद्ध कसं करायचं, त्यावर लिहिते.

आधी कॅमेरा. आजच्या आज पार्किंग सांभाळणाऱ्यांना लेखी कळवा की अमुक दिवशी अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा. तोंडी सांगू नका. बहुतेक ठिकाणी जुन्यावर नवं चित्रण आपोआप चढतं आणि मग हात चोळत बसावं लागतं. ते तुम्हाला प्रत देणार नाहीत कदाचित, पण विमा कंपनीने किंवा पोलिसांनी मागितल्यावर ते शिल्लक असायला हवं. पत्रात एवढंच मागा: पुसू नका.

मग साक्षीदार. तुमच्याच गाडीत बसलेल्याचं म्हणणं कमी वजनाचं धरलं जातं. लांब उभा असलेला अनोळखी माणूस, गाड्या लावून देणारा कर्मचारी, शेजारच्या गाडीत बसून कोणाची तरी वाट बघणारी व्यक्ती, यांचं वजन जास्त. कोणी हॉर्न ऐकला असेल तर तेही उपयोगी, कारण थांबून हॉर्न देणारा माणूस समोरच्याला पाहतोय हे त्यातून दिसतं. एक गैरसमज मात्र दूर करते. कर्मचाऱ्याने "या, या, येऊ द्या" म्हटलं म्हणून गाडी मागे घेणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. स्टिअरिंग ज्याच्या हातात, बघायचं त्याने. मागचा कॅमेरा आणि सेन्सर यांचंही तेच. सेन्सर वाजला नाही ही सबब कोणी मान्य करत नाही.

गाडीच्या एअरबॅगच्या यंत्रणेत सगळी नोंद असते, ती काढा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. इतक्या हलक्या धडकेत त्यावर विसंबू नका. अमेरिकेतल्या नियमांत एअरबॅग न उघडणाऱ्या धडकेची नोंद करण्याचा उंबरठा असा आहे: १५० मिलिसेकंदांत वेगात ताशी ८ किलोमीटरचा फरक पडला पाहिजे. पार्किंगमधल्या बऱ्याच ठोकरी त्याच्या खालीच राहतात.

डॅशकॅमचं म्हणाल तर पुढे तोंड असलेला कॅमेराही रिव्हर्सच्या वादात कामी येतो. चित्रातली समोरची भिंत मागे सरायची थांबली की गाडी थांबली, आणि त्यानंतर धक्का बसला, हे सरळ दिसतं. आवाजाची नोंद चालू असेल तर हॉर्नही ऐकू येतो. पण कोपऱ्यात दिसणाऱ्या जीपीएसच्या वेगावर भिस्त ठेवू नका, इतक्या सावकाश गतीत तो आकडा मागे पडतो. ज्यांच्याकडे डॅशकॅम आहे त्यांनी धडकेनंतर ती फाइल लगेच लॉक करावी.

आता तुमचा स्वतःचा जबाब. आजच लिहून काढा, वाक्य छोटी ठेवा, जे पाहिलं तेवढंच लिहा. "ते बेफिकिरीने आले" असं लिहू नका. "मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. हॉर्न दिला. त्यानंतर धक्का बसला." हा क्रमच तुमची बाजू आहे. दावे वाचताना मला विशेषणांचा कधी उपयोग झाला नाही, क्रमाचा नेहमी झाला. युरोपात अपघातानंतर दोन्ही चालकांनी मिळून भरायचा एक सामाईक फॉर्म असतो. त्यात १७ चौकटी आहेत: गाडी उभी होती किंवा थांबली होती, पार्किंगमधून निघत होती, मागे येत होती वगैरे. खुणा करायच्या, रेखाचित्र काढायचं, दोघांनी सही करायची. ती सही म्हणजे चुकीची कबुली नाही असं फॉर्मवरच छापलेलं असतं. असा फॉर्म हाताशी नसला तरी साध्या कागदावर याच पद्धतीने घडलेलं लिहिता येतं. जागेवर निकाल लावायला जाऊ नये. निकालाच्या वादात लोक नोंद करायचंच विसरतात.

---

सरळमार्गी

@निळी_शाई, चांगली माहिती. माझ्या प्रतिसादात मी मनस्तापाचा विचार केला होता आणि तो अजूनही खरा वाटतो. दावा केला की पुढच्या वर्षीची सवलत जाते, शिवाय सुरुवातीचा ठरावीक खर्च स्वतःच्या खिशातून. चरा छोटा असेल तर हे गणित आधी मांडावं.

---

निळी_शाई

गणित जरूर मांडावं. फक्त चूक कोणाची आणि दावा करायचा की नाही, हे दोन वेगळे निर्णय आहेत. स्वतःच्या खर्चाने बंपर नीट करून घेतला म्हणून चूक मान्य केली असं होत नाही. आणि दावा करायचा नसला तरी कंपनीला नुसतं कळवून ठेवावं. आज "आपापलं बघू" म्हणणारा उद्या त्याच्या बाजूने दावा दाखल करू शकतो, तेव्हा तुमची हकीगत आधीच नोंदलेली असलेली बरी. कुठे किती वेळात कळवायचं हे पॉलिसीत दिलेलं असतं. भारतात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झाल्यावर चालकाने काय करायचं, विमा कंपनीला लेखी काय कळवायचं, ते सांगितलेलं आहे.

---

सांजवेळ

एक विचारू? अशा वेळी तोंडातून सहज "सॉरी" जातं. मला सगळे सांगतात की सॉरी म्हणायचं नाही, म्हणजे कबुली दिल्यासारखं होतं. समोर एखादी घाबरलेली बाई उभी असेल तर गप्प कसं राहायचं?

---

तराजू

गप्प राहू नका. विचारपूस करा, वाईट वाटलं म्हणून सांगा. काही ठिकाणी कायद्यानेच याला संरक्षण दिलंय. इंग्लंडमध्ये २००६ च्या नुकसानभरपाई कायद्यात नुसत्या माफीने निष्काळजीपणाची कबुली होत नाही असं कलम आहे. ऑन्टारियोत २००९ साली माफीवर स्वतंत्र कायदाच झाला. टाळायचं ते एकच वाक्य: "सगळी चूक माझी, खर्च मी देतो." हे तुम्ही धक्क्यातून सावरण्याआधी म्हणता आणि तेव्हा तुम्हाला निम्मी हकीगतही माहीत नसते. "तुम्हाला लागलं नाही ना? वाईट झालं" एवढं माणुसकीने म्हणायला कोणी वकील हरकत घेणार नाही.

---

अंगणातली_जाई

आणि समोरची गाडीच वेडीवाकडी लावलेली असेल तर? पट्टीच्या बाहेर दोन फूट. तिला माझा बंपर घासला, मालक म्हणतो भरपाई द्या. चुकीची लावली त्याने, आणि पैसे मी द्यायचे?

---

तराजू

जाई, या प्रश्नाला इंग्लंडमधला १८४२ चा एक खटला आहे, डेव्हिस विरुद्ध मॅन. एका माणसाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला रस्त्याकडेला चरायला सोडलं होतं. एक घोड्यांची गाडी वेगाने आली आणि गाढव मेलं. गाडीवाल्याचा बचाव अगदी तुमच्यासारखा होता: गाढव तिथे असायलाच नको होतं. न्यायालयाने गाढवाच्या मालकाच्या बाजूने निकाल दिला. मालकाचा हलगर्जीपणा असेलही, पण गाडीवाल्याने नीट काळजी घेतली असती तर अपघात टळला असता. तसं नसतं तर रस्त्यावर झोपलेल्या माणसावरूनही गाडी नेता आली असती, असा त्यामागचा विचार.

उभी गाडी हलत नाही. दिसली की टाळणं हलणाऱ्याच्याच हातात. म्हणून मोठा भार तुमच्यावर येणार. हल्ली बऱ्याच ठिकाणी दोष वाटून देतात, त्यामुळे गाडी वळणावर, अंधारात किंवा वाट अडवून उभी होती हे फोटोने दाखवता आलं तर मालकाच्या वाट्यालाही काही येऊ शकतं. नुसती पट्टीबाहेर होती एवढ्याने फार काही पदरात पडत नाही.

---

पत्राकाम

जाईताई, मालक तिथे होता हे बरं झालं. मालक नसताना बरेच जण काचेवर चिठ्ठी लावून निघून जातात. चिठ्ठी वाऱ्याने उडते, पावसात भिजते, आणि कॅमेऱ्यात दिसतं की तुम्ही ठोकून पळालात.

---

तराजू

बरोबर. जर्मनीत तर नुसती चिठ्ठी पुरत नाही, वाजवी वेळ थांबून मालक न आल्यास पोलिसांना कळवावं लागतं, नाहीतर तो गुन्हा. ब्रिटनमध्ये जागेवर माहिती देता आली नाही तर शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत पोलिसांकडे नोंद करायची असते. चिठ्ठी लावाच, पण तिचा आणि दोन्ही गाड्यांचा फोटो काढा आणि पार्किंगच्या कार्यालयातही सांगून जा.

---

वळणवाट

अपडेट देते. कॅमेरा चालू होता. लेखी पत्र दिल्यावर त्यांनी चित्रण बाजूला काढून ठेवलं आणि विमा कंपनीच्या माणसाला दाखवलं. त्यात माझी गाडी थांबलेली स्पष्ट दिसते, आणि समोरची गाडी त्यानंतर जागेवरून निघते. म्हणजे पांढरे दिवे लागले तेव्हा ती अजून उभीच होती. मी थांबले तेव्हा त्यांच्याकडे बघायला वेळ होता.

बंपर उघडल्यावर आतला एक सेन्सर तुटलेला निघाला, पत्राकाम म्हणाले होते तसाच. दुरुस्तीच्या अंदाजात तो घालून घेतला. समोरच्यांच्या कंपनीने मुख्य जबाबदारी त्यांच्या चालकाची मानली आहे. थोडा वाटा माझ्याकडे ठेवावा असा त्यांचा प्रस्ताव आहे. कारण असं की मी थांबले तरी वाटेच्या मध्यापलीकडे आले होते. हा वाटा मान्य करू का?

---

निळी_शाई

त्यांच्याकडून कारण लेखी मागवा, कुठल्या नियमाखाली आणि किती टक्के ते त्यात हवं. तोपर्यंत होकार देऊ नका. उत्तरासोबत तुकड्यांचा तो फोटो आणि चित्रणातली तुम्ही थांबल्याची वेळ जोडा. ते निघण्याआधी तुम्ही किती सेकंद उभ्या होतात हे मोजून लिहा. मध्यापलीकडे गेल्याचा मुद्दा त्या सेकंदांपुढे किती टिकतो ते त्यांनाच सांगू दे. तरीही अडून राहिले तर तुमच्या कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, आणि तिथे मिळालेलं उत्तर इथे टाका, पुढचा मसुदा मी लिहून देते.